टेस्ट नापास झाली, पण कुठे?

निकालाच्या बोर्डावर नुसतं 'नापास' लिहिलं आणि विषयाचं नावच दिलं नाही, तर हॉस्टेलमध्ये काय गोंधळ उडेल याची कल्पना करा. कुणी एम-थ्रीला शिव्या घालेल, कुणी मेकॅनिक्सला, आणि रीचेकिंगचा फॉर्म कशाचा भरायचा हे कुणालाच कळणार नाही. आपल्या प्रोजेक्टांमधल्या बऱ्याचशा टेस्ट असाच निकाल लावतात. आणि त्याचं कारण बहुतेक वेळा मोठ्या हौसेने लिहिलेला हेल्पर असतो.

ज्युनियर्ससाठी थोडक्यात सांगतो. दहा टेस्टमध्ये त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्या एका फंक्शनमध्ये टाकायच्या आणि ते सगळीकडून बोलवायचं. हा झाला हेल्पर. यात वाईट काहीच नाही. केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ साली लिहिलेल्या जेयुनिटमधलं 'असर्टइक्वल्स' हाही एक हेल्परच. टेस्ट पास होत असते तोवर सगळे हेल्पर सारखेच गुणी. खरी परीक्षा टेस्ट नापास झाल्यावर.

मेसच्या बिलाचा प्रोग्राम घ्या. रोजचे ६० रुपये, महिन्याचे ३० दिवस, त्यात ४ दिवस गावी गेल्याची सूट. गो भाषेत 'चेकबिल' नावाचा हेल्पर लिहिला आणि एकाच टेस्टमधून आठ वेळा बोलावला. आता एरर येते : 'ओळ १२, बिल चुकले'. ही १२ नंबरची ओळ हेल्परच्या पोटातली! आठांपैकी कुठलीही चुकली तरी बोट तिथेच. मग रात्री दोन वाजता प्रिंट टाकत बसा.

त्याऐवजी हेल्परने एवढंच सांगितलं असतं : 'दिवस ३०, सुट्टी ४, अपेक्षित १५६०, मिळाले १८००', तर कोड न उघडताही कळलं असतं की सुट्टीचे दिवस वजाच झालेले नाहीत. राहिला ओळीचा प्रश्न. गो १.९ मध्ये, म्हणजे ऑगस्ट २०१७ पासून, हेल्परच्या सुरुवातीला 'टी.हेल्पर()' लिहिलं की एरर हेल्परची ओळ दाखवत नाही, ज्या ओळीवरून त्याला बोलावलं ती दाखवते. एका ओळीचं काम! तरी किती प्रोजेक्टांत दिसतं ते स्वतःच शोधून बघा.

थांबायचं की पुढे जायचं, हेही हेल्परने ठरवायचं असतं. तयारी करणारा हेल्पर (फाइल उघडणं, डेटाबेस जोडणं) फसला तर 'फेटल' म्हणून तिथेच थांबावं. नाहीतर पुढे निल पॉइंटरचा धुरळा उडतो आणि मूळ कारण त्याखाली गाडलं जातं. तुलना करणाऱ्याने मात्र शक्यतो 'एरर' नोंदवून पुढे जावं, म्हणजे आठही बिलांचा निकाल एकदम हातात येतो.

पायथनवाल्यांनी हसू नये. पायटेस्टमध्ये साधा 'असर्ट' फसला तरी दोन्ही बाजूंच्या किमती छान छापून येतात, कारण पायटेस्ट टेस्टच्या फाइलींमधले असर्ट आतून बदलून घेतं. तेच असर्ट उचलून वेगळ्या 'युटिल्स' फाइलमध्ये नेले की ही सोय गायब होते, आणि हातात राहतो कोरा असर्शनएरर. 'कॉन्फटेस्ट' फाइलमध्ये, युटिल्स इंपोर्ट होण्याआधी, 'रजिस्टर_असर्ट_रीराइट' बोलावून त्या फाइलचं नाव कळवावं लागतं. कोड नीटनेटका करायला गेलेला माणूस इथे हमखास अडकतो.

पण माझा खरा राग आहे तो 'पुन्हा चालव' हेल्परवर. टेस्ट फसली की गुपचूप तीनदा चालवायची, एकदा पास झाली की हिरवी. कधी पास, कधी नापास होणाऱ्या टेस्ट मोठ्या कंपन्यांतही असतात. गूगलच्या जॉन मिको यांनी २०१६ मध्ये लिहिलं होतं की त्यांच्याकडच्या जवळजवळ १६ टक्के टेस्टमध्ये थोडाफार हा दोष आहे. तेव्हा पुन्हा चालवायला माझी हरकत नाही, ते लपवायला आहे. तिसऱ्या खेपेला पास झाली असेल तर तसं छापा की! दोन थ्रेड एकाच बिलावर लिहीत असतील, तर त्याचा एकमेव पुरावा म्हणजे त्या पहिल्या दोन नापास खेपा. त्याहून थोर म्हणजे ट्राय-कॅच लावून एरर गिळणारा हेल्पर. त्याच्याविषयी काय बोलावं!

आता सर आणि मॅडम लोकांना एक विनंती, रागावू नये. टर्मवर्कला 'सगळ्या टेस्ट पास'चा स्क्रीनशॉट मागितला की मुलं तो आणतातच, हेल्परला कामाला लावून आणतात. गुण हिरव्या रंगाला असतील तर लाल रंग लपणारच. त्यापेक्षा व्हायव्हात ग्रुपच्या कोडमधली एखादी अधिकची खूण वजा करा, टेस्ट चालवा आणि कोड बंद ठेवून फक्त आलेल्या एररवरून विचारा : काय बिघडलं? पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यासाठी लॅबमध्ये नवीन पीसी लागत नाहीत.