मुंग्या नेमक्या कुठल्या बोटाला?

‘हाताला मुंग्या आल्यात यार’ हे वाक्य ऑफिसात चहाइतकंच कॉमन झालंय. त्यावरचा सल्लाही ठरलेला : ‘बी-ट्वेल्व्ह कमी असेल, गोळ्या घे.’ जरा थांबा राव! आधी बोटं मोजा.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर, पण करंगळी ठणठणीत? मग संशय मनगटावर. तिथल्या अरुंद बोगद्यातून मीडियन नावाची नस जाते. ती दाबली गेली की कार्पल टनेल सिंड्रोम. रात्री मुंग्यांनी जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, ही त्याची खास खूण. फक्त करंगळीच्या बाजूला मुंग्या येत असतील तर नस बहुतेक कोपराशी दाबली जातेय. तासन्तास हात दुमडून मोबाइल कानाला लावणाऱ्यांनो, ऐकताय ना? मानेतली नस दाबली गेली तर मात्र दुखणं मानेपासून हातात उतरतं. आणि दोन्ही पायांनाही मुंग्या असतील, तर शुगर आणि बी-ट्वेल्व्ह जरूर तपासा. दूध-अंडी-मांस काहीच न खाणाऱ्यांनी तर नक्कीच.

गंमत म्हणजे आपण सगळं खापर माऊसवर फोडतो. पण कार्पल टनेलचा जास्त धोका जोर लावून, तीच ती हालचाल दिवसभर करणाऱ्या हातांना असतो. असे हात शोधायला सोलापुरात लांब जावं लागत नाही. पूर्व भागात घरोघरी विड्या वळणाऱ्या बायका बघा. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मजुरी हजार विड्यांमागे. हात थांबला की पैसाही थांबला. ऑफिसात एसीत बसलेल्या कितीतरी जणांची कॉलेजची फी याच हातांनी भरलीय! त्या मात्र ‘वयोमानानं होतंय’ म्हणून बाम चोळत बसतात.

अंगावर काढलं तर अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग झिजतो, वस्तू हातातून निसटतात. तो भाग मग पूर्ण भरून येईलच असं नाही. सुरुवातीला मात्र रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टाही बऱ्याचदा पुरतो. नाहीच भागलं तर इंजेक्शन, नाहीतर छोटं ऑपरेशन. थायरॉइड किंवा डायबेटिस असेल तर तोही सांभाळावा लागतो. गरोदरपणातल्या मुंग्या बहुतेक वेळा बाळंतपणानंतर जातात.

एक अपवाद. एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर बोटं मोजत बसू नका. तो पॅरालिसिसचा झटका असू शकतो. रिक्षा नाहीतर १०८ ची अँब्युलन्स, जे आधी मिळेल ते पकडा आणि थेट हॉस्पिटल गाठा.