बारा कार्षापणांचा हिशेब



कळवणचा आमचा एक भाचा लेण्यांवर पोट भरतो. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर (लोक अजून पांडवलेणी म्हणतात, पांडवांचा तेथे काय संबंध, कोण जाणे!) शाळांच्या व विहारांच्या सहलींना तो शिलालेखांचा अर्थ सांगतो, कोणाला माहितीपुस्तिका लिहून देतो. कोणाचा नोकर नाही. सहल आली तर पैसे, नाही आली तर नाही. नातेवाईक म्हणत, हा काय धंदा आहे? आम्हीही मनात तेच म्हणत होतो, कबूल करतो.

१७ मार्च २०२० पासून करोनामुळे देशभरातील संरक्षित स्मारके बंद झाली. आठ दिवसांत सारा देश बंद. आमचा पगार चालू राहिला. त्याच्या ठरलेल्या सहली मात्र एकामागून एक रद्द झाल्या, आणि एका संस्थेने लिहून घेतलेल्या पुस्तिकेचे पैसेही दिले नाहीत.

५ जुलैला आषाढी पौर्णिमा, वर्षावासाचा प्रारंभ. विहार बंद, म्हणून त्याचे व्याख्यान मोबाईलवरच ठेवले. त्याने दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख समजावून सांगितला. हा क्षत्रप नहपानाचा जावई. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा १ व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण. आम्ही पडलो बी.कॉम., बोटे आपोआप चालू लागली. महिन्याला २०, वर्षाला २४०, भागिले २०. बरोबर १२! पैचा फरक नाही. शिवाय हा व्यवहार निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवलेला. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचे हे दप्तर!

पावसाळ्यात भिक्खूंना चारिका करता येत नाही, एका जागी राहावे लागते. म्हणून त्यांच्या वस्त्राची सोय आधीच लावून ठेवलेली. आम्ही सर्वांनी 'साधू, साधू' म्हटले आणि मोबाईल बंद केले. जो सांगत होता तोही तीन महिने एका जागीच बसला होता. त्याची चूल कशी चालली आहे, हे एकानेही विचारले नाही. पुढे बहिणीकडून कळले, पोरगा कांद्याच्या चाळीत गोण्या भरायला जातो. आम्ही महिन्याचा किराणा पोचवला आणि आपले काम झाले असे मानले.

एप्रिल २०२१ मध्ये स्मारके पुन्हा बंद झाली. २८ जूनला केंद्र सरकारने पर्यटन गाईडांसाठी योजना जाहीर केली. काय, तर परवानाधारकांना १ लाखापर्यंत कर्ज. उषवदाताने बसलेल्या माणसाला व्याज मिळवून दिले, येथे बसलेल्या माणसानेच व्याज भरायचे! आणि भाच्याकडे तर परवानाही नव्हता.

त्या आषाढीला विहाराच्या बैठकीत आम्ही विषय काढला. थोडी कुरकुर झाली. 'धम्माचे सांगायचे, त्याचे पैसे कसले?' असेही एकजण म्हणाले. मग आम्ही पुन्हा तोच १२ चा हिशेब मांडला. अखेर चौदा घरांनी वर्गणी काढली, झालेल्या व पुढच्या व्याख्यानांची.

व्हाउचर आम्हीच लिहिले. तपशिलात 'मदत' असे घातले. भाच्याने वाचले आणि सही न करताच कागद परत दिला.

"मामा, तेवढं 'मदत' खोडा. मेहनताना लिहा."

आम्ही खोडले, वर 'मेहनताना' लिहिले आणि दुरुस्तीशेजारी आपली सही केली. मग त्याने खाली केली.