श्रेणीच्या खालच्या ओळी वाचा

दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या सत्राचं प्रगतीपुस्तक घरी येतं, आणि शिरगावात प्रतिशिर्डीच्या रस्त्यावर असो की सोमाटणे फाट्यावर बसची वाट बघताना, पालकांचा एकमेकांना एकच सवाल असतो: "तुमच्या पोराला काय, अ-एक की अ-दोन?" कंपनीत पाळ्या करणाऱ्या आईबापांना शाळेत जायला सवड नसते. मग श्रेणी बघायची, सही ठोकायची, विषय संपला.

श्रेणी खोटी नसते, पण अपुरी असते. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. पहिली-दुसरीत 100 पैकी 70 गुण आकारिक, म्हणजे तोंडी काम, उपक्रम, स्वाध्याय अशा वर्गातल्या कामाचे, आणि सत्राअखेरच्या संकलित चाचणीचे 30. या सगळ्याची बेरीज 81 ते 90 मध्ये आली की अ-दोन. त्या बेरजेत एखादी न आलेली गोष्ट सहज झाकली जाते.

गणितच घ्या. मुलाला 52 वजा 27 करायला सांगा. उत्तर 35 आलं तर रागावू नका, "कसं केलंस?" एवढंच विचारा. "सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन," असं तो सांगेल. म्हणजे वजाबाकी येते, हातचा घेणं येत नाही. लहान अंक कुठेही असो, तो मोठ्यातून वजा करतोय. अशा मुलाकडून पाढे घोकून घेण्यात अर्थ नाही. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या पुढ्यात ठेवा. सत्तावीस काढून दे म्हणा. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर तो आपणहून एक गठ्ठा सोडतो. हातचा तो हाच.

वाचनाचंही तसंच. 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीत मुलांना अक्षरं, शब्द, सोपा परिच्छेद आणि गोष्ट वाचायला देतात. मागच्या इयत्तेचं बालभारतीचं पुस्तक घेऊन घरीही हे करता येतं. मूल नेमकं कोणत्या पायरीवर अडतं, ते दहा मिनिटांत कळतं.

हे वेळेत कळायला हवं. 2023-24 पासून पाचवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आली आहे आणि पुनर्परीक्षेतही नापास झालेलं मूल त्याच वर्गात राहतं. दुसरीत न आलेला हातचा पाचवीत भागाकार अडवतो, आणि तोवर पालकांनी क्लासची फी भरायला सुरुवात केलेली असते.

प्रगतीपुस्तकात श्रेणीच्या खाली 'विशेष प्रगती', 'आवड, छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' अशा नोंदी असतात. त्या आधी वाचा. 'सराव हवा' एवढंच लिहिलं असेल, तर कशाचा सराव ते बाईंना विचारा. पुढच्या पालकसभेला पाळी बदलून घ्या, पण जा. आणि तिथे तीनच प्रश्न विचारा: माझ्या मुलाला काय येतं, काय येत नाही, आणि घरी मी काय करू?