ई-सुश्रुत शिकायचे, पण कोणाच्या वेळात?



सरकारी दवाखान्यात कॉम्प्युटर आला की आपल्यातले काही कार्यकर्ते लगेच टाळ्या वाजवतात, काही लगेच बोटे मोडतात. आम्ही दोन्ही करणार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की डॉक्टर ही नवी प्रणाली शिकणार, तर त्या शिकण्याची किंमत कोण मोजतो?

सार्वजनिक आरोग्य खात्याने आपल्या रुग्णालयांत सी-डॅकची ई-सुश्रुत प्रणाली आणली. नोंदणी, तपासणी, लॅब, औषध, सगळे स्क्रीनवर. आता ही प्रणाली पाचोडसारख्या गावात ठेवून बघा. धुळे-सोलापूर महामार्गावरचे, मोसंबीच्या बाजाराचे गाव. पैठण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरून माणसे इथे येतात. बागेत मजुरी करणारी बाई दवाखान्यात येते ती त्या दिवसाची हजेरी बुडवून. पूर्वी डॉक्टर केसपेपरवर दोन ओळी खरडायचा. आता लॉगिन, मग निदानाची यादी, मग औषधाची यादी, आणि नेमके हवे ते औषध कुठल्या नावाने टाकलेय ते सापडेना. मध्येच नेट गेले की पुन्हा पहिल्यापासून. डॉक्टर कामचुकार आहे म्हणून हे होत नाही. कोणतेही नवे हत्यार हातात बसायला वेळ लागतो. पण तो वेळ आभाळातून पडत नाही, तो रांगेतल्या बाईच्या वाट्यातून कापला जातो.

हे फक्त आपल्याकडे होते असेही नाही. अमेरिकेत २०१६ साली 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये छापून आलेल्या पाहणीत दिसले की डॉक्टर रुग्णासोबत एक तास घालवत असेल, तर जवळजवळ दोन तास कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामात घालवतो. म्हणून तिकडची बडी रुग्णालये नवी प्रणाली सुरू करताना पहिले काही आठवडे अपॉइंटमेंट कमी घेतात आणि डॉक्टरच्या शेजारी शिकवणारा माणूस उभा करतात. ग्रामीण रुग्णालयाची ओपीडी अशी कमी करता येते का? इथे अपॉइंटमेंटच नसते. १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले, ते चांगलेच झाले. पण ज्याला पैसे पडत नाहीत त्याचा वेळही फुकटचा, असे गृहीत धरले जाते. आमचे भांडण त्या गृहीताशी आहे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठियावाडातल्या एका भंगी समाजाच्या शिक्षकाची हकिगत घेतली आहे. १९२९ च्या डिसेंबरमध्ये ती 'यंग इंडिया'त पत्र म्हणून आली होती. बाळंतीण बायको गंभीर आजारी. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. मिनतवाऱ्या झाल्यावर आला तो वस्तीच्या बाहेर उभा राहिला. थर्मामीटर त्याने एका मुसलमानाच्या हातात दिला, त्याने नवऱ्याच्या हातात, नवऱ्याने बायकोला. तपासणी झाली ती अशी, अंगाला हात न लावता. बाई वाचली नाही. आजचा डॉक्टर स्क्रीनकडे बघतो तो विटाळ मानून नव्हे, हे आम्हाला कळते. दोन गोष्टी एक आहेत असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या समाजाला न शिवता तपासले गेले, त्याला डॉक्टरची नजर आणि हात याचा अर्थ इतरांपेक्षा जास्त कळतो. पोटावर हात न ठेवता माऊसवर हात ठेवून लिहिलेले औषध आपल्या म्हातारीला पटत नाही, आणि तिचे बरोबर आहे.

मग कॉम्प्युटर नको? नाही, हवाच. आणि तो सगळ्यात जास्त आपल्याला हवा. अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्यात डॉक्टरने काय लिहिले, कधी लिहिले, यावर केस उभी राहते किंवा पडते. खैरलांजीत २००६ साली पहिल्या शवविच्छेदनावरच प्रश्न उठले आणि मृतदेह पुन्हा बाहेर काढावे लागले. कोणी, किती वाजता, काय नोंदवले आणि नंतर काय बदलले हे ज्या प्रणालीत उमटते, ती गावातल्या दांडग्यांच्या दबावाला कागदापेक्षा जास्त टिकेल. पण घाईत, अर्धवट शिकलेल्या डॉक्टरने यादीतला पहिला पर्याय दाबला आणि मारहाणीची जखम 'पडून झालेली' म्हणून चढली, तर तीच नोंद आरोपीचा वकील कोर्टात वाचून दाखवील. म्हणून डॉक्टरचे प्रशिक्षण हा आम्हाला खात्याचा अंतर्गत मामला वाटत नाही.

आणि प्रणाली टिकेल याची तरी हमी कुठे आहे? २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली जुनी संगणक प्रणाली कंपनीशी वाद होऊन बंद पडली. डॉक्टर पुन्हा कागदावर आले. ज्यांची जुनी माहिती आत अडकली त्यांनी जुने कागद जपून ठेवले असतील तर ठीक. त्यानंतर तिथे एनआयसीची ई-हॉस्पिटल आली. म्हणजे ग्रामीण रुग्णालय आरोग्य खात्याचे, त्याची प्रणाली वेगळी. घाटी वैद्यकीय शिक्षण खात्याची, तिची वेगळी. दोन्ही जोडायचे ते चौदा आकडी आभा क्रमांकाने. तो ऐच्छिक आहे, हे खिडकीवर कोणी सांगत नसेल तर आपण सांगितले पाहिजे. ज्या घरात एकच मोबाईल आहे आणि तो मुलगा पुण्याला घेऊन गेला आहे, त्या घरातल्या बाईने ओटीपी आणायचा कुठून?

उपाय काय, तर डॉक्टरशेजारी नोंदी टाकणारा माणूस. पण तो कंत्राटी नको. २०२३ च्या सप्टेंबरात शासनाने बाह्य यंत्रणांमार्फत भरतीचा जीआर काढला, ओरड झाल्यावर ऑक्टोबरात रद्द केला, हे विसरू नका. बाह्य यंत्रणेच्या भरतीत आरक्षण नसते. एमएससीआयटी करून बसलेली आपली पोरे आधीच ठेकेदाराच्या दारात उभी आहेत. नोंदीचे काम कायम स्वरूपाचे आहे, तर पदही कायम आणि बिंदुनामावलीप्रमाणे भरलेले हवे.

पाचोडला नोंद ठेवणे नवीन नाही. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने गावातल्याच बायकांना शिकवून घरोघरी पाठवले, गरोदर कोण, लहान लेकरू कुठे, याची नोंद दारात जाऊन घेतली. तिथे माणूस आधी शिकवला आणि वही नंतर हातात दिली. सरकारी प्रणालीत हा क्रम उलटा का?

हे विचारायचे कसे, तेही सांगतो. आपल्या ग्रामीण रुग्णालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे साधा मराठी अर्ज करा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लागते, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. विचारा: ई-सुश्रुतचे प्रशिक्षण किती डॉक्टरांना, किती तास, कोणत्या तारखांना दिले? त्या दिवशी ओपीडी कोणी बघितली? प्रणाली बंद पडली तर केसपेपर कोणत्या नमुन्यात लिहितात आणि रुग्णाला प्रत देतात का? डेटा एंट्रीची मंजूर पदे किती, भरलेली किती, कंत्राटी किती? उत्तर तीस दिवसांत यायला हवे. नाही आले तर पहिले अपील करा आणि अर्जाची पोच जपून ठेवा.