दाराआडचे स्क्रू
गाडीच्या दाराचं आतलं पॅनेल काढताना घाई नडते. आधी स्क्रू हुडकायचे. एखादा हमखास हँडलच्या वाटीत, इवल्याशा झाकणाखाली दडलेला असतो. तो राहिला की ओढाओढीत प्लास्टिक तडकलंच म्हणून समजा. मग पोलादी स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून नायलॉनची पट्टी घ्यावी, खालच्या कडेने शिरावं आणि क्लिपच्या अगदी लगत उचकटावं. ‘टक्’ झालं की सुटली. सगळ्या सुटल्या तरी हिसका नको: पॅनेल वर उचलून काढायचं, मागे पॉवर विंडोच्या वायरी असतात. आणि आतला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद जपा. काही मेकॅनिक तो खुशाल टरकावतात. मग पावसाळ्यात पायाखालची मॅट ओली का, म्हणून मालक डोकं खाजवत बसतो.