वासा कोण बदलणार?

गेल्या वैशाखात आमच्या गावच्या घराचा एक वासा कुजल्याचे आजीने फोनवर कळविले. गाव संगमेश्वर तालुक्यातले. पूर्वी वाडीत तीन सुतार होते; त्यांपैकी एक माझे आजोबा. आज एकही नाही. शेजारगावच्या सुताराने ‘पावसाआधी जमणार नाही’ म्हणून सांगितले. शेवटी घाटकोपरला फर्निचरच्या कामावर जाणारे माझे बाबा आठ दिवसांचा खाडा करून निघाले. सुट्टी होती म्हणून मीही गेले.

ही एका घराची गोष्ट नव्हे. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती; २०११च्या जनगणनेत ती १६,१५,०६९ भरली. सिंधुदुर्गही घटला. त्याच दहा वर्षांत आपला मुंबई उपनगर जिल्हा मात्र सुमारे सात लाखांनी वाढला. गावची माणसे कुठे गेली, हे शोधायला दूर जायला नको. आपल्या वर्गाचा हजेरीपट पाहावा. त्यात आता जन्मही कमी होत आहेत. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील एकूण जननदर १.७ आढळला, लोकसंख्या टिकायला तो २.१ लागतो.

माणसे घटली म्हणून कारागीर घटले, असे कोणी म्हणेल. मला ते पुरते पटत नाही. २०११ साली रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. म्हणजे गावात माणसे आहेत; पण त्यांतल्या निम्म्याहून अधिक बायका आहेत, आणि बाईच्या हाती हत्यार द्यायचे नाही हा आपला रिवाज. अंधेरी-बोरिवलीच्या कोणत्याही बांधकामावर पाहा. घमेली वाहते ती बाई, ओळंबा धरतो तो पुरुष. उन्हात राबायला ती चालते, मिस्त्री व्हायला चालत नाही!

पूर्वी हत्यार जातीने मिळे आणि जातीनेच नाकारले जाई. ती सक्ती सुटली हे उत्तमच झाले. सुताराच्या पोराने सुतारच व्हावे असे मी मुळीच म्हणत नाही. तसे असते तर मी या महाविद्यालयात आले नसते. पण जुनी शाळा मोडताना नवी सर्वांसाठी उघडायला हवी होती. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे दरवाजे मुलींनाही खुले आहेत. बंद आहेत ती आपली मने. दहावीला गुण कमी पडले की ‘आता आय.टी.आय.’ असे आपण शिक्षा सुनावल्यासारखे म्हणतो. इकडे २०२४ साली आपल्या राज्य शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरविण्याचा करार केला. परदेशाला ज्या हातांची गरज वाटते, त्या हातांना आपल्या घरात पाहुण्यांसमोर बसायला खुर्ची मिळते काय?

दोष मी माझ्यापासूनच मोजते. अकरावीच्या प्रवेशअर्जावर वडिलांच्या व्यवसायापुढे मी ‘नोकरी’ असे लिहिले होते. ‘सुतारकाम’ लिहायची मला लाज वाटली.

गावी बाबा आढ्याजवळ चढले होते. अठ्ठावन्न वर्षांचे वय, गुडघे दुखरे. मी खालून रिपा देत होते. ‘बाबा, मला रंधा मारायला शिकवा,’ असे मी म्हटले, तेव्हा ते हसले. ‘तू शीक गो बाय, पुस्तक शीक. हे कशाला?’ माझ्या भावाला त्यांनी दोनदा विचारले होते. त्याला नको होते. मला हवे होते, पण मला कोणी विचारलेच नव्हते.

मी हट्ट सोडला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रंधा माझ्या हाती दिला. पहिली फळी मी पार बिघडवली, तिसरी बरी निघाली. तो वासा बाबांनीच बसविला. परंतु त्यावरच्या दोन रिपा माझ्या आहेत. या पावसात तिथे गळले नाही, असे आजी सांगते.

द्वितीय वर्ष, कला शाखा