'पार्टनर' नावाची वेठ

अमरावतीच्या राजकमल चौकात अथवा अकोल्याच्या गांधी मार्गावर रात्री दहाच्या सुमारास जरा उभे राहून पाहावे. पाठीवर चौकोनी पिशवी अडकवून मोबाईलकडे डोळे लावून बसलेले तरुण दिसतील. त्यांत आमच्या वस्त्यांतील मुले थोडी नाहीत. ॲपवाल्या कंपन्या त्यांस नोकर म्हणत नाहीत, 'पार्टनर' म्हणतात. नाव मोठे मानाचे! परंतु भागीदारास नफ्यात वाटा असतो. यांच्या वाट्यास पेट्रोल, गाडीचा हप्ता व दुरुस्ती एवढेच येते. खेपेचा दर कंपनी ठरविते. चौकात ताटकळण्याची मजुरी नाही. हाताला कसब नसलेल्यास हेच काम चटकन मिळते. म्हणून पोरे वाढतात, प्रत्येकाच्या खेपा घटतात आणि दर उतरला तरी कोणी हूं की चूं करीत नाही.

अशा मानाच्या नावाचा अनुभव आमच्या वाडवडिलांस आहे. मुंबई इलाख्यात १८७४ च्या कायद्याखाली महारास 'वतनदार' म्हणत. रात्री-अपरात्री हाक येताच त्याने सांगावा घेऊन धावावे, मोबदला मात्र गावाच्या मर्जीवर! वऱ्हाडातील गावकामगार महारांची तऱ्हा याहून फार निराळी नव्हती. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले, त्यात या कामास निश्चित वेतन मिळावे हाही हेतू होता.

सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिने या कामगारांस कायद्यात प्रथमच नाव दिले आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या निधीस द्यावी असे ठरविले. हे स्वागतार्हच आहे. परंतु त्यांची व्याख्याच मुळी मालक-नोकर या रूढ नात्याबाहेर काम करणारा अशी आहे आणि त्याच दिवशी अमलात आलेल्या वेतन संहितेतील किमान वेतन मिळते ते नोकरास! सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाड कामगारांच्या खटल्यात किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करून घेणे ही घटनेच्या २३ व्या कलमाखाली वेठच होय असा निर्णय दिला. ज्यास किमान वेतनच लागू नाही, त्याची वेठ कोणत्या मापाने मोजावी?

मे २०२४ मध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांवर गेला, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी १४४ कलमाखाली हुकूम काढून आस्थापनांनी कामगारांस पाणी व पंखे पुरवावेत असे फर्माविले. त्या उन्हात डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या 'पार्टनर'ची आस्थापना कोणती?

ज्या घरांतील मुलगा या कामावर आहे, त्या आईबापांनी त्याची ई-श्रम नोंदणी करून घ्यावी. दुसरे, घरात एक वही ठेवावी. ॲप सुरू केल्यापासून बंद करीपर्यंतचे तास, मिळालेले पैसे, पेट्रोल, हप्ता, सारे तीत रोज लिहावे आणि महिनाअखेर तासाला काय उरले ते काढून शासनाच्या किमान वेतनाशी ताडून पाहावे. कामगार आयुक्तांकडे अथवा न्यायालयात जाण्याची वेळ आली, तर वकील पहिल्याने तीच वही मागेल.